झोल केबलला हवा

“तू मला केबल नाही, पन्हळ बसवून दिलीस.”

हे वाक्य मी १९९७ च्या जुलैत, भर पावसात, एका घराच्या पडवीत उभा राहून ऐकलं. बोलणाऱ्या काकूंच्या हातात पातेलं होतं आणि पातेल्यात टीव्हीच्या डोक्यावरून टिपून घेतलेलं पाणी. टीव्हीवर अंथरलेला क्रोशाचा रुमाल पिळून दांडीवर टाकलेला. प्लग त्यांनी आधीच काढून ठेवला होता, म्हणून टीव्ही वाचला आणि बहुधा मीही. तेव्हा मी वीस वर्षांचा होतो. गुहागर तालुक्यातल्या एका केबलवाल्याकडे कामाला लागून जेमतेम वर्ष झालं होतं आणि आपल्याला सगळं येतं अशी खात्री पटली होती.

त्या घरी केबल मीच जोडली होती, एप्रिलमध्ये. आमच्याकडे तेव्हा खांब कमी आणि माड जास्त, म्हणून केबल माडावरून माडावर जायची. शेवटच्या माडापासून ती मी खिडकीच्या वर पाडलेल्या भोकापर्यंत आणली, चांगली ताणून, सरळ रेषेत. ताणलेली केबल नीटनेटकी दिसते. एप्रिलमध्ये तिचं कौतुकही झालं. मग मृग लागला. झावळ्यांवरून निथळणारं पाणी त्या काळ्या केबलवर उतरलं, तिच्या अंगाने ओघळत भिंतीपर्यंत आलं, भोकातून आत शिरलं आणि थेट टीव्हीवर. वरच्या टोकाला माड आणि खालच्या टोकाला टीव्ही अशी ती पन्हळच होती. काकूंचा शब्द नेमका होता.

त्या ओरडल्या नाहीत. मला पडवीच्या कडेला नेऊन म्हणाल्या, “ती पागोळी बघ. कौलाच्या टोकाला आलेलं पाणी काय करतं?”

“खाली पडतं.”

“भिंतीकडे वळतं?”

“नाही.”

“मग तुझ्या केबलला पागोळी कुठाय?”

शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली बाई. उत्तर सांगायचं नाही, समोरच्याकडून काढून घ्यायचं, ही सवय त्यांची अजून आहे.

संध्याकाळी शेठना सांगितलं तर ते हसले. “झोल दिला नसशील.” दुसऱ्या दिवशी स्वतः आले आणि दाखवलं. भिंतीत शिरण्याआधी केबल भोकाच्या खाली वीतभर उतरवायची आणि मग वर वळवून आत घ्यायची. केबलच्या अंगाने आलेलं पाणी त्या झोलाच्या तळाशी जमतं, थेंब होतो आणि गळून पडतो. चढ चढून भोकात जायचं त्याला काही कारण उरत नाही. “झोल केबलला हवा,” शेठ म्हणाले, “कामात नको.” झोल या शब्दाचा दुसरा अर्थ मला तेव्हा फारसा कळत नव्हता. पुढच्या पंचवीस वर्षांत तो चांगलाच कळला. त्यातले काही झोल माझेच होते, म्हणून हे लिहायला बसलो.

भोक पाडणं हे आमच्या धंद्यातलं मिरवायचं काम. मशिनचा आवाज होतो, घरातली पोरं जमतात, आजोबा लांबून सूचना देतात. बुजवणं बघायला कुणी थांबत नाही. टीव्हीवर चित्र आलं की सगळे तिकडे वळतात, चहा येतो, पैसे हातात पडतात आणि आपणही पिशवी उचलतो. भोक तसंच राहतं. एप्रिलमध्ये त्यातून उजेडाची बारीक तिरीप आत येते, एवढंच.

आमच्याकडच्या भिंती जांभ्याच्या. चिऱ्यात बिट सरसर जातो, लाल भुकटी पडते आणि काम फार सोपं आहे असं वाटतं. पण बिट पलीकडे बाहेर पडताना चिऱ्याचा टवका घेऊन पडतो. आतून बोटाएवढं भोक असतं तेव्हा बाहेरून वाटीएवढं खिंडार असतं. घरमालक भिंत आतून बघतो, पाऊस बाहेरून. म्हणून पुढे मी एक पद्धत धरली. आधी बारीक बिटाने आतून आरपार जायचं आणि मग शिडी लावून बाहेरच्या बाजूने मोठा बिट घालायचा. त्यात शिडी दोनदा चढावी लागते. माझ्या बघण्यातली नव्वद टक्के खिंडारं त्या दुसऱ्या चढण्याच्या कंटाळ्यातून झालेली आहेत.

भोकाला उतारही हवा. आतून पाडताना मशिनचा मागचा भाग किंचित वर धरायचा, म्हणजे बिट बाहेर जाताना खाली झुकतो. पाणी भोकात शिरलंच तरी ते बाहेरच्या अंगाला परत येतं. सपाट भोक पाण्याला हवं तिकडे जाऊ देतं आणि उलट्या उताराचं भोक म्हणजे काकूंची पन्हळ.

तिसरी गोष्ट मापाची. टीव्हीची जाड केबल, आम्ही आरजी-सिक्स म्हणतो ती, साधारण सात मिलिमीटरची. तिच्या टोकाचा कनेक्टर अकरा मिलिमीटरचा. कनेक्टर बसवायला अंगणात सोपं पडतं, उजेड असतो, बसायला जागा असते. म्हणून तो बाहेरच बसवायचा आणि मग सगळं मिळून आत ओढायचं, त्यासाठी चौदाचा बिट लावायचा. सात मिलिमीटरच्या केबलला चौदाचं भोक. भोवतीची जी फट उरते ती केबलची नसते, आमच्या आळसाची असते. नुसती केबल आत घेऊन कनेक्टर घरात बसवला तर आठच्या बिटाने भागतं. हे कळायला अक्कल लागत नाही. मला चार पावसाळे लागले.

आम्ही भोकं उघडी ठेवली तरी लोक ती तशी ठेवत नाहीत. प्रत्येक घराचा आपला बोळा असतो. जुनी केबल काढून नवी घालताना मी ते बोळे बाहेर काढले आहेत आणि त्यांची यादी माझ्या डोक्यात पक्की आहे. वर्तमानपत्राचे बोळे सर्वांत जास्त. एकदा एका बोळ्यावर क्रिकेटच्या सामन्याचा अर्धा धावफलक निघाला, मी तो शिडीवरच वाचत बसलो. फाटक्या बनियनच्या चिंध्या. मेणबत्तीचं मेण. अंगाच्या साबणाची वडी, उन्हाळ्यात घट्ट बसलेली आणि पावसात फेस होऊन भिंतीवरून ओघळलेली. बाटलीचं बूच. सुपारीची सालं. लहान मुलाचा मोजा, एकच. टूथपेस्ट. एका घरी मळलेली कणीक भरली होती. ती सुकेपर्यंत टिकली, मग मुंग्यांनी ती खाल्ली आणि जाताना आतल्या देवघराची वाट बघून ठेवली. बोळा मात्र चुकीच्याच बाजूने असायचा, आतून. कापड आणि कागद बाहेरून आलेलं पाणी शोषून धरतात. भिंत चार दिवस ओली राहायची ती पंधरा दिवस राहते, रंगाला पोपडे येतात आणि मग घरात म्हणतात, चिरा पाणी धरतो. चिरा धरतोच थोडंफार. पण पाण्याचा तांब्या त्याच्या तोंडाशी आपण लावलेला असतो.

माझ्या हातचे बोळे काही फार शहाणे नव्हते. सुरुवातीला मी प्लास्टर ऑफ पॅरिस भरायचो, कारण ते पाच मिनिटांत घट्ट होतं आणि पांढरं दिसतं. बाहेरच्या भिंतीवर ते दोन पावसाळेसुद्धा काढत नाही, पाण्याने भुसभुशीत होऊन पडतं. मग पांढरं सिमेंट. ते पाण्याला टिकतं, पण केबल वाऱ्यावर हलते आणि सिमेंट हलत नाही, म्हणून केबलभोवती केसाएवढी चीर पडते. त्या चिरेतून किती पाणी जाईल असं वाटतं. जातं. आमच्या जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि बराचसा नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर आडवा येतो. पश्चिमेच्या भिंतीवर तो पडत नाही, मारतो. मग एमसील आलं, दोन रंगांच्या काड्या मळून एक करायच्या. नळाच्या सांध्याला ते उत्तम. केबलला भरलं की दगडासारखं होतं आणि पुन्हा तीच चीर. दोष एमसीलचा नाही. हलणाऱ्या वस्तूला न हलणारं काही चिकटवत होतो, तो दोष माझा.

शेवटी सिलिकॉनवर आलो. रबरासारखं राहतं, केबलबरोबर थोडं लवतं. त्याच्याही तऱ्हा आहेत. एका प्रकाराला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. तो सुकताना आम्ल सोडतो आणि उघड्या तांब्याला ते खातं. काळे-हिरवे पडलेले कनेक्टर कापून टाकताना हे शिकलो. आता वास न येणारं, न्यूट्रल म्हणतात ते वापरतो. पण कुठलंही घेतलं तरी ते ओल्या भिंतीला धरत नाही आणि धुळीला तर नाहीच. धुळीवर लावलेलं सिलिकॉन धुळीला चिकटतं, भिंतीला नव्हे. महिन्याभराने बोटाने ओढलं की रबरी बांगडी निघावी तसं अख्खं निघून येतं. म्हणून भोकात आधी फुंकणी मारायची, बारीक ब्रशने भुकटी काढायची, कोरड्या फडक्याने पुसायचं. वरची साय दहा-वीस मिनिटांत धरते, पण आतलं सुकायला दिवसाला दोन-तीन मिलिमीटर या हिशेबाने वेळ लागतो. म्हणजे हे काम आगोटीच्या आधीचं. कौलं शाकारायची, लाकडं आत घ्यायची, तसंच भोकं बुजवायची. जुलैत हाक आली तर मी डांबरात बुडवलेली सुतळी ठासून येतो आणि दिवाळीनंतर पुन्हा येईन म्हणून वहीत लिहून ठेवतो.

आणखी एक लहानशी गोष्ट, जिने माझं निम्मं काम वाचवलं. भोकाच्या हातभर आधी केबलला भिंतीवर एक क्लिप मारायची. वाऱ्याचा सगळा झटका त्या क्लिपवर जातो. भोकापाशी केबल शांत असते आणि जे काही भरलं असेल ते टिकतं.

पाण्याशिवायही गिऱ्हाइकं असतात. उंदराच्या पिल्लाला पेन्सिलीएवढी फट पुरते. त्याचे दात आयुष्यभर वाढतात, त्यामुळे नुसतं सिलिकॉन किंवा फुगणारा फोम तो मजेत कुरतडतो. तिथे आत भांडी घासायच्या तारेचा गोळा ठासायचा आणि वरून सिलिकॉन. कुंभारीण माशी मात्र मला आवडते. आम्ही टाकून दिलेल्या भोकात ती चोचीएवढे चिखलाचे गोळे आणून बसवते, लिंपताना गुणगुण करते, आत कोळी नाहीतर अळ्या भरून अंडं घालते आणि तोंड असं बंद करते की नखाने खरवडावं लागतं. आमच्या धंद्यातली ती एकटीच, जिला बुजवण्याआधी चहा विचारावा लागत नाही.

एकदा रात्री अकराला फोन आला. डिशच्या भोकातून साप लोंबतोय. गेलो तेव्हा घर अंगणात जमलेलं आणि सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द, मण्यार. सर्पमित्र आला, त्याने बॅटरी मारली आणि हातानेच खुणावलं, घाबरू नका. कवड्या होता, बिनविषारी. मण्याराचे पट्टे शेपटीकडे ठळक असतात, कवड्याचे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे पुसट होत जातात, असं त्याने सांगितलं. माझी नजर पट्ट्यांवर नव्हती, भोकावर होती. ट्यूबलाइटच्या उजेडाला किडे, किड्यांना पाल, पालीला कवड्या. तिघांनीही माझंच भोक वापरलं होतं. त्या रात्री तो कवड्या होता. मण्यार असता तर, हा विचार मी घरी जाईपर्यंत करत होतो आणि घरी गेल्यावरही.

२०२० साली सगळंच बदललं. लॉकडाउनमध्ये मुंबई-पुण्याची माणसं गावी आली आणि लॅपटॉप घेऊन आली. गणपतीला आठ दिवस येणारा चाकरमानी आता पडवीत बसून ऑफिस करत होता. त्यात ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. मंडणगड-दापोलीकडे तर माड, खांब, छपरं सगळं आडवं झालं, आमच्याकडेही लाइन जागोजाग तुटल्या. मी तोवर स्वतंत्र धंदा करत होतो, हाताखाली तीन पोरं होती आणि फायबरचं काम नुकतंच घेतलं होतं. दिवसाला दोन जोडण्या व्हायच्या त्या सात-आठ व्हायला लागल्या. लोक गयावया करत होते, सोमवारी मीटिंग आहे म्हणून. पोरं भोक पाडायची, तार आत घ्यायची, दिवा हिरवा झाला की पुढच्या घरी. बुजवायला नंतर येऊ, हे प्रत्येक घरी सांगितलं जायचं आणि ते सांगताना आमचा खरंच तसा विचार असायचा.

फायबरबद्दल एक गोष्ट कुणी सांगत नाही. जुन्या केबलमध्ये पाणी गेलं की टीव्हीवर मुंग्या यायच्या. लोक फोन करायचे, आम्ही जायचो, भोक दिसायचं. पाणीच पाण्याची तक्रार करायचं. फायबर म्हणजे काच. तिच्या अंगावरून पाणी ओघळलं तरी आतल्या उजेडाला त्याचं काही नाही. नेट मस्त चालू आणि भिंत आतून भिजत राहते. चुगली करणारं कुणी उरलं नाही.

त्या जुलैत एका नव्या सिमेंटच्या घरातून फोन आला, माझ्याकडे नव्हे, वायरमनकडे. रात्री घरातली ईएलसीबी पडते, सगळं घर अंधारात. ती तीस मिलिअँपिअरची गळती दिसली की वीज तोडते, माणूस वाचावा म्हणून. वायरमनने दोन दिवस घालवले. फ्रीज काढून बघितला, गीझर काढला, पंप काढला. दिवसा काहीच सापडेना. तिसऱ्या रात्री घरमालकाच्या लक्षात आलं की पाऊस सुरू झाल्यावर ती लगेच पडत नाही, दीडेक तासाने पडते, आणि तीही वारा समुद्रावरून असेल तरच. वायरमन माझ्या ओळखीचा. त्याने मला सहज सांगितलं आणि मला पश्चिमेच्या भिंतीवरचं आमचं भोक आठवलं.

गेलो. मेन बंद केला आणि खालचा स्विचबोर्ड उघडला. भिंतीतून येणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी एक थेंब लोंबत होता. वरचं भोक आतून बघितलं तर सगळं कोरडं. मग तांब्या मागितला, शिडी लावली आणि बाहेरून भोकाच्या वर हळूहळू पाणी सोडलं. चार तांबे झाले, काही नाही. पाचव्याला वायरमन आतून ओरडला, “आलं!” आमच्या पोराचा बिट भिंतीतल्या वायरिंगच्या पाइपाला घासून गेला होता. वायरला लागला नाही, हे नशीब. पाइपाला खाच पडली आणि उघड्या भोकातलं पाणी त्या खाचेतून पाइपात, पाइपातून बोर्डात. पहिल्या मजल्याचं भोक, तळमजल्याचा बोर्ड. मधला प्रवास दीड तासाचा.

पोराला बाजूला घेऊन विचारलं, “भोक पाडताना भुकटीत काही वेगळं दिसलं होतं?”

तो आठवत म्हणाला, “पांढरे पांढरे कीस होते, दादा. मला वाटलं भिंतीतलंच काहीतरी असेल.”

त्याला काय बोलणार? भुकटी बघायची असते हे मी त्याला कधी शिकवलंच नव्हतं. राखाडी भुकटी म्हणजे सिमेंट, लाल म्हणजे वीट नाहीतर चिरा, आणि प्लॅस्टिकचा कीस आला की हात तिथल्या तिथे थांबला पाहिजे. पाइप बदलला, गवंड्याचे आणि वायरमनचे पैसे मी दिले. पैशाचं दुःख नव्हतं. त्या घरात रांगणारं मूल होतं आणि ती ईएलसीबी बसवलेली नसती तर, हा प्रश्न मला अजून सोडत नाही. त्या रविवारी मी पोरांना सुट्टी दिली नाही. वहीतली सगळी घरं काढली, एक्याऐंशी निघाली. बुजवायला दिवाळी उजाडली.

या सगळ्यात एक वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं आहे, आणि म्हटलंही आहे: ते आमचं नाही. केबलवाला म्हणतो, भिंत गवंड्याची. गवंडी म्हणतो, भोक केबलवाल्याचं. वायरमन म्हणतो, मी मीटरपासून पुढे. रंगारी त्या फटीवर रंगाचा एक हात मारतो आणि फट रंगीत होते. एसीवाला पाइपाभोवती चिकटपट्टी गुंडाळतो. ती पहिल्या उन्हाळ्यात सुटते आणि भुताच्या केसांसारखी वाऱ्यावर उडत राहते. एकाच भिंतीला पाच जणांनी पाच भोकं पाडलेली आणि पाचही कुणाचीच नाहीत. पाणी आलं की मग छपरावर संशय.

मध्ये मी बिलावर वेगळी ओळ लिहून बघितली: भोक बुजवणे, ४० रुपये. लोक बाकीचं सगळं बिल निमूट द्यायचे आणि त्या ओळीवर बोट ठेवायचे. “भोक तुम्ही पाडलंत, बुजवायचे पैसे आमच्याकडून?” मला आधी राग यायचा. नंतर कळलं की त्यांचं बरोबर आहे. शिंप्याने काजं करण्याचे पैसे सदऱ्याच्या शिलाईत धरायचे असतात, वेगळे मागायचे नसतात. ती ओळ मी काढून टाकली, जोडणीचा दर तेवढा वाढवला आणि पोरांना सांगितलं, हिरवा दिवा लागला म्हणजे काम झालं असं नाही.

आता नवं घर बांधणारे आधी फोन करतात तेव्हा मी एवढंच सांगतो. प्लास्टर व्हायच्या आधी पश्चिम सोडून दुसऱ्या भिंतीत, छज्ज्याखाली, अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपाचे दोन तुकडे बसवून घ्या. बाहेर उतार आणि बाहेरच्या तोंडाला खाली वळणारा एल्बो. एक आजच्या तारेसाठी, दुसरा रिकामा, कारण पाच वर्षांनी नवं काहीतरी येणारच. भिंत आणि पाइप यांच्यातली फट पक्की बुजवायची. पाइपाच्या आत मात्र बोटाने उकरता येईल असं काही भरायचं. पुढचा माणूस छिन्नी घेऊन येऊ नये, एवढ्यासाठी. बाहेर डबी बसवली असेल तर तिच्या वरच्या आणि दोन्ही बाजूंच्या कडा बंद करायच्या, खालची मोकळी ठेवायची. उत्साहाच्या भरात चारही कडा बंद करणारे असतात. मग आत गेलेलं पाणी बाहेर यायची वाट शोधतं आणि ती घराच्या बाजूला सापडते.

गेल्या वर्षी मे महिन्यात काकूंच्या घरी फायबर घालायला गेलो. काकू आता ऐंशीच्या पुढे आहेत, कमरेत वाकल्या आहेत, नातू बंगलोरहून घरी आला की नेट लागतं. भोक तेच, १९९७ चं. त्यात माझी पहिली केबल अजून होती, शेजारी मधल्या काळातली डिशची, दोन्ही मेलेल्या. दोन्ही ओढून काढल्या. मागोमाग एक पिवळट गोळा आला, मेण आणि कापूस. हातावर घेऊन काकूंना दाखवला.

“त्या रात्रीचा,” त्या म्हणाल्या. “देवघरातल्या वाती आणि मेणबत्ती. तू सकाळी येणार, तोवर काय करू?”

भोक साफ केलं, पाइपाचा तुकडा बाहेर उतार देऊन बसवला, तार आत घेतली. काचेला तीव्र वळण सोसत नाही म्हणून झोल चांगला मोठा, गोल दिला. क्लिप मारली. सिलिकॉन भरून कडेने ओलं बोट फिरवलं. दोन दिवसांनी, सगळं सुकल्यावर, पुन्हा गेलो आणि काही बोलायच्या आत काकूंनी विचारलं, “पाणी टाकून बघितलंस?”

तांब्या त्यांनी काढूनच ठेवला होता. मी बाहेर शिडीवर, त्या आत, भिंतीला पालथा हात लावून. मी पाणी सोडत होतो आणि खिडकीतून आवाज येत होता, “टाक अजून.” सहा तांबे झाले. झोलाच्या तळाशी थेंब जमत होते आणि एकेक करून खाली जास्वंदीवर पडत होते.

“कोरडं आहे,” काकू म्हणाल्या.

मी उतरलो, शिडी मिटली. त्या सावकाश बाहेर आल्या, कपाळावर हात धरून वर बघितलं. जुन्या डिशचा सांगाडा जिथे होता तिथे चार बोल्टांची चार भोकं उघडी होती.

“आणि ती?”

“ती आमची नाहीत, काकू. डिशवाल्यांची.”

त्या काही बोलल्या नाहीत. नुसतं माझ्याकडे बघत राहिल्या, पागोळीपाशी उभं करून बघितलं होतं तसंच.

मी शिडी पुन्हा लावली.